निळ्या जॅकेटची मिठी

वस्तू अजून माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. मालवणच्या किनाऱ्यावर एका झोपडीत हवा भरली की तरंगणारी जॅकेटं टांगलेली असत. समुद्राचा तळ बघायला जाणारे ती अंगावर चढवत.

रत्नप्रभा तांडेल पहिल्यांदाच तळ बघायला आली होती. कोऱ्या निळ्या जॅकेटला तिच्याबरोबर जायची फार ओढ लागली.

"मला घे. मी ऐसपैस आहे, कुठे काचणार नाही," ते म्हणालं.

शेजारचं राखाडी जॅकेट म्हणालं, "आधी हवा भरून बघ, बाई. खांद्यावरून वर सरकलं, तर ते तुझं नव्हे."

रत्नप्रभा निळंच घालून निघाली. पाण्यात पाय टेकेनासे झाल्यावर तिने हवा भरली. जॅकेट फुगून कानांपर्यंत चढलं आणि ती आतून खाली घसरू लागली. नाकातोंडात पाणी गेलं. जॅकेटने तिला कवेत घ्यायची धडपड केली, पण त्याची मिठी तिच्या अंगापर्यंत पोचतच नव्हती.

"पट्टा धर आणि मागे फिर," ते कळवळून म्हणालं. "मी तुला मोठं होणार, हे मला ठाऊक होतं."

ती कशीबशी परतली. खोकला थांबल्यावर तिने राखाडी जॅकेट चढवलं, हवा भरली, खांदे हलवून पाहिले. ते जागचं सरकलं नाही, छातीवर दाबलंही नाही.

दुपारी जॅकेटमधली हवा सोडत ती वाट दाखवणाऱ्या एका पाणबुड्यामागे खाली गेली. पाणी हिरवं, मग निळं होत गेलं. प्रवाळांवर ती अधांतरी थांबली. पिवळे मासे तिच्या पोटाखालून सावकाश गेले.

"जड होतंय का मी?" जॅकेटने विचारलं.

रत्नप्रभाला ते ऐकूच आलं नाही. अंगावर काही आहे, हेच ती विसरली होती.