खिंडीतला पहारेकरी

पूर्वी मिथिलेत सुयाम राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व एका सैनिकाच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव नंदिसेन. राजाने त्याला उत्तरेच्या बर्फाळ खिंडीवर एकट्याने पहाऱ्याला धाडले. आज्ञा अशी होती, की शत्रूचा हेर आला तर त्याचे मुंडके घेऊन परतायचे. तोवर जागा सोडायची नाही.

नऊ वर्षे कोणीच आले नाही. तो निघाला तेव्हा बायको गरोदर होती. मुलगी झाली, एवढेच वर्षाकाठी धान्य पोचवणाऱ्या सेनापतीकडून कळले. सुरुवातीला नंदिसेन स्वतःशी मोठ्याने बोले. पुढे तेही थांबले. कधी खोकला आला, तरी आपल्याच आवाजाने तो दचके.

एका दुपारी बर्फ पडायचे थांबले आणि खिंडीत एक माणूस पडलेला दिसला. पाय मोडला होता, कमरेला शत्रुराजाची मुद्रा होती. नंदिसेनाने तलवार उपसली. त्याला घराचे दार दिसले, दारात उभी नऊ वर्षांची पोर दिसली.

“मारायचे तर मार,” हेर म्हणाला, “पण आधी घोटभर पाणी दे, दादा.”

नंदिसेनाने त्याचे डोके मांडीवर घेऊन पाणी पाजले. घोट त्याच्या घशाखाली उतरला आणि नंदिसेनाला आपल्याच घशात गारवा जाणवला. तो थबकला. ‘देह दोन आहेत, राजे दोन आहेत. पण याच्या आत जी तहान जाणते आणि माझ्या आत जी घराची ओढ जाणते, त्या जाणिवाही दोन आहेत का?’ त्याने मनात खूप शोधले. सीमा कुठे सापडेना. त्याने तलवार म्यान केली आणि मोडका पाय बांधायला घेतला.

दीड महिन्याने हेर चालू लागला. निघताना त्याने विचारले, “मला सोडलेस, तर तू घरी कसा जाशील?”

“नाही जाणार.”

“मग सोडतोस कशाला?”

“तुला मारून घरी पोचेल तो कोण असेल, हे मला सांगता येत नाही.”

हेर रडला आणि आल्या वाटेने आपल्या देशी परत गेला.

पुढे सेनापती धान्य घेऊन आला. नंदिसेनाने काहीच लपवले नाही.

“मूर्खा, आता मरेपर्यंत इथेच राहा!” सेनापती ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, “तुझ्या लेकीला काय सांगू?”

नंदिसेन म्हणाला, “सांगा, तिच्या बापाला परका कोणी सापडलाच नाही.”

सेनापती दिसेनासा झाल्यावर तो ढसाढसा रडला.

पुढची एकवीस वर्षे तो तिथेच होता. सांज झाली की घराची आठवण दाटून येई. ती कधी गेली नाही. पण पूर्वी त्याला वाटे, आपण एकीकडे आणि सारे जग पलीकडे. आता पलीकडे असे काही उरले नव्हते. उतारावरची रानबकरी त्याच्याकडे टक लावून पाही, तेव्हा पाहणारे कोण आणि पाहिले जाणारे कोण, हा प्रश्नच त्याला पडत नसे. तिथेच एका हिवाळ्यात त्याने देह ठेवला.

एवढी कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, “भिक्षूंनो, तो सेनापती आज तुमच्यात बसलेला वज्जिल आहे. अरण्यातल्या एकांताला भिऊन काल परतलेला हा तिस्सल तेव्हाचा हेर. नंदिसेन मीच होतो. त्या जन्मी मी मैत्रीची पारमिता, म्हणजे त्या गुणाची परम साधना, पूर्ण केली, आणि ती पूर्ण झालेली पाहायला तिथे कोणीही नव्हते.”