पावणेसहा गारपिटी

"बाबा, मग यातला खरा आकडा कोणता?"

ऋजुता मोहोडने तीन कागद सतरंजीवर मांडले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक खडा ठेवला.

भवानगिरी बाबा मठाच्या ओसरीत शेंगा सोलत बसले होते. टेकडीवरच्या या मठाच्या अंगणात पाऊस मोजायचं सरकारी यंत्र होतं, आणि तीस वर्षं रोज सकाळी त्याची आणि गारांची नोंद बाबाच वहीत लिहीत. तालुक्यात वर्षाला किती वेळा गारपीट होते, हे शोधत ऋजुता विद्यापीठातून आली होती. सगळ्यांनी तिला इकडेच पाठवलं.

"काय म्हणतात कागद?"

"तहसीलचा म्हणतो, गेल्या वर्षी तीनदा. वर्तमानपत्रांची कात्रणं म्हणतात, तेरा. वेधशाळा म्हणते, एकदा."

"भांडतायत की."

"म्हणून तुमची वही हवी."

बाबांनी वही आणून दिली. ऋजुताने बोट फिरवत मोजलं आणि तिचा चेहरा उजळला.

"सहा. संपला प्रश्न."

"त्या वर्षी दोन आठवडे मी बहिणीकडे होतो," बाबा म्हणाले. "आणि एकदा दुपारी डोळा लागला. उठलो तर अंगण ओलं. पाणी पडलं की गारा, कोण सांगणार?"

ऋजुताने ओठ आवळले. पाच वर्षं ती हेच काम करत होती. तिने फोन काढला, चारही आकड्यांची सरासरी काढली.

"पावणेसहा."

बाबांनी शेंग खाली ठेवली.

"पाऊण गारपीट मी अजून पाहिली नाही हो. कशी दिसते?"

"हसू नका, बाबा. सोमवारी यादी जिल्ह्याला जाणार. जिथे गारा जास्त, त्या गावांच्या माळावर मेंढपाळांसाठी पत्र्याचे निवारे होणार. माझा आकडा चुकला तर माणसं उघड्यावर राहतील."

बाबा हसायचे थांबले.

"यादीत शेवटचं गाव कोणतं?"

"बोरखेडी. तिन्ही कागदांत शून्य. तिथली काळजी नाही."

बाबा आभाळाकडे पाहू लागले.

आभाळ भरून आलं होतं. ओसरीच्या पत्र्यावर एक गार वाजली, मग दहा, मग मोजता येईनात. हरभऱ्याएवढ्या गारा अंगणभर उड्या मारू लागल्या. ऋजुताने घड्याळ पाहून वहीत लिहिलं: दुपारी ३:१०, गारपीट एक.

गारा थांबल्या. लख्ख ऊन पडलं. तिने पेनाला टोपण लावलं.

पुन्हा पत्रा वाजू लागला.

"आता?" बाबांनी विचारलं.

"तीच ही."

"मध्ये ऊन पडलं होतं."

"…मग दोन."

"म्हणजे चहा पिण्याइतकी उघडीप झाली की दोन, आणि पाणी पिण्याइतकी झाली तर एक?"

ऋजुताने पेन पुन्हा हातात घेतलं. टोपण नुसतं फिरवत राहिली.

तेवढ्यात टेकडीच्या पलीकडच्या उतारावरून दगडू धनगर चढून आला. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात मठासाठी दुधाची किटली. खांदे झटकत तो ओसरीत शिरला.

"खाली आमच्याकडं तिसऱ्यांदा झोडपतंय, बाबा. मेंढरं वडाखाली दाटून उभी केली न् आलो."

"खाली म्हणजे कुठे?" ऋजुताने विचारलं.

"बोरखेडीला."

तिने वही बाजूला ठेवली.

"गेल्या वर्षी पडल्या होत्या का गारा?"

"पडल्या की. पाडव्याच्या आदल्या दिवशी माझी सात मेंढरं गेली. भावाचं डोकं फुटलं, चार टाके पडले."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"शाळेचे गुरुजी लिहून पाठवायचे. त्यांची बदली झाली सहा वर्षांमागं." दगडूने किटली खाली ठेवली. "त्यानंतर विचारायला तुम्हीच पहिल्या आलात, ताई."

ऋजुताने तिसरा कागद उचलला. बोरखेडीपुढचं शून्य बराच वेळ पाहिलं. मग एकाएकी तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"पाच वर्षं मी हे शून्य पुढे पाठवते आहे, बाबा. सगळ्यात खात्रीचा आकडा म्हणून."

बाबांनी मूठभर दाणे तिच्या हातावर ठेवले.

तिने ते खाल्ले, कागद पिशवीत कोंबले आणि चपला घातल्या.

"दगडूदादा, मला तुमच्या गावाला न्या. आत्ताच. घरोघर जाऊन विचारते."

दगडूने बाबांकडे पाहिलं. पत्रा अजून वाजतच होता.

बाबा उठले. चुलीमागून लोखंडी घमेलं काढलं, राख झटकली आणि ऋजुताच्या डोक्यावर पालथं ठेवलं.

"असू दे," ते म्हणाले. "शून्य गारांच्या गावाला निघालीस."