मागेल तेव्हा भाकरी

फार मागची गोष्ट, बरं का; तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. नदीकाठच्या एका गावात दोन जावा राहायच्या. अंगण एक, चुली दोन.

एकदा पूर आला. पैलतीरावरचं गाव पाण्यात गेलं आणि तिथली माणसं अलीकडे येऊ लागली. होडी म्हणजे एक लहानशी डोणी, एका खेपेला एकच माणूस. येईल त्याला गरम भाकरी द्यायची, असं जावांनी ठरवलं. ज्वारीचं पीठ एक मडकंभर उरलेलं. ते दोघींनी निम्मं निम्मं घेतलं. किती माणसं यायची, कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरलीची पोटुशी लेकही त्यांतच होती.

थोरलीचा जीव कुठला थाऱ्यावर! चुलीपासून काठापर्यंत, काठापासून चुलीपर्यंत नुसत्या येरझारा.

"अगं, सगळं पीठ एकदम मळून टाकू. भाकऱ्या थापून ठेवल्या की जिवाला घोर नाही."

"जाऊबाई, मळून ठेवलं की पिठाची विरी जाते, चिकटपणा राहत नाही," धाकटी म्हणाली. "माणूस ताटावर बसू द्या, मग त्याच्यापुरतं मळू."

"तुझं आपलं संथ! माझी लेक उपाशी दारात उभी राहील, अन् तू पीठ चाळत बसशील!"

मी म्हणते, आईचा जीव तो, त्याला दोष कसा द्यावा?

थोरलीने सगळं पीठ भिजवलं. पहिल्या भाकऱ्या छान झाल्या. मग मात्र भाकरी थापताना चिरायला लागली, उचलताना तुटायला लागली. तिने तशाच भाजल्या अन् टोपल्यात रचल्या. डोणी आपल्या चालीनेच येत होती. खालच्या भाकऱ्यांना घाम सुटला, वरच्या वाळून खडंग झाल्या.

धाकटीचं निराळं. कुणी येऊन बसलं की मूठभर पीठ, एक गोळा, एक भाकरी. ती वाढली की हात थांबायचा. लाकूड मागे ओढायची, निखारे जपायची, पिठावर फडकं टाकायची. पुन्हा "वाढा हो!" अशी हाक आली की जिथे थांबली होती तिथूनच पुढे. ना चूल नव्याने पेटवायची, ना झालेली भाकरी पुन्हा थापायची.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या खेपेला लेक उतरली. थोरलीने टोपल्यात हात घातला. हाती आला आंबूस वासाचा भुगा.

"आई, असेल ते दे गं. उभं राहवत नाही."

थोरलीला रडू फुटलं. धाकटीने पिठावरचं फडकं उचललं.

"बस, बाळ. आत्ता पाणी लावते पिठाला."

"माझ्या लेकीला माझ्याच चुलीवरचं नाही गं..."

"जाऊबाई, रडू मागाहून. लाकूड पुढे सारा आधी!"

थोरलीने लाकूड सारलं. तव्यावर भाकरी टम्म फुगली.

संगणकाला आज्ञा लिहिणाऱ्या मुलांनो, मागाल तसं एकेक हाती देणारा तुमचा तो इटरेटर म्हणजे ही धाकटीच. एक भाकरी वाढून जागच्या जागी थांबणं, हेच तुमचं 'यील्ड'. आणि ताटावरची हाक म्हणजे 'पुढचं दे'. किती जण यायचे ते ठाऊक नसलं, तरी तिचं अडत नाही.

तात्पर्य एवढंच: मागेल तेव्हा एकेक ताजं द्यावं, आणि आपण कुठे थांबलो ते विसरू नये.