कुरामिनचा कॉर्नेटवाला

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. ऑस्ट्रेलियाच्या आत, समुद्रापासून फार लांब, कुरामिन नावाचं एक छोटं गाव होतं. आजूबाजूला गव्हाची शेतं आणि सपाट माळ. गावात एक शाळा, एक दुकान, आणि रेल्वेची उंच पाण्याची टाकी. दर शनिवारी गावचा बँड वाजायचा, आणि झाडून सगळे ऐकायला यायचे.

त्या बँडमध्ये एम्ब्रोझ क्विल नावाचा लोहार होता. तो कॉर्नेट वाजवायचा, म्हणजे बिगुलासारखं लहानसं पितळी वाद्य. बाकीचे गोड वाजवत, हा नुसता मोठ्यानं. असं म्हणतात, की तो वाजवायला लागला की मैलभरावरची मेंढरं माना वर करत.

एका ऑक्टोबरात शाळेची वीस मुलं मास्तरणीबरोबर कोरड्या तळ्यावर सहलीला गेली. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून लाल धुळीची भिंत उठली. बघता बघता गाव बुडालं, डोळ्यापुढचा हात दिसेना. घोड्यांवरून शोधायला निघालेले लोक गोल फिरून परत दुकानापाशीच आले.

एम्ब्रोझची मुलगी ईडिथही त्या मुलांत होती. तो टाकीवर चढायला लागला तेव्हा बायको विनिफ्रेड म्हणाली, "वर जाऊन काय करणार आहेस?"

"त्यांना दिसत नाहीये," तो म्हणाला, "पण ऐकू तर येईल."

त्याने स्वतःला टाकीला बांधून घेतलं आणि वाजवायला सुरुवात केली. असं म्हणतात, की त्या आवाजानं धूळ दुभंगली आणि माळावर गल्लीएवढी वाट मोकळी झाली. तासाभराने, सहलीला नेलेल्या झोपाळ्याचा दोर धरून मुलांची रांग आली. ईडिथही आली. पण मुलं एकोणीसच होती. वाटेत पाच वर्षांच्या नोराचा हात दोरावरून सुटला होता.

विनिफ्रेडने खालून हाक मारली, "आपली आली रे, उतर आता."

त्याने मान हलवली आणि पुन्हा फुंकलं. ओठ फुटले, हनुवटीवरून रक्त ओघळलं, तरी तो थांबला नाही. उन्हं कलता कलता नोरा तारेच्या कुंपणाला धरून एकटीच चालत आली. म्हातारपणीही ती सांगायची, "मला भीती वाटलीच नाही. कोणीतरी बोलावत होतं ना."

एम्ब्रोझला पुन्हा कधी वाजवता आलं नाही. पण शनिवारी तो बँडशेजारी बसायचा आणि वाजवणाऱ्यांच्या सुरावटीच्या वह्यांची पानं उलटून द्यायचा.

आता आगगाडी बंद झाली, शाळाही गेली. गावात साठ माणसं उरलीत आणि बँडमध्ये चार. तरी दर ऑक्टोबरात त्या दिवशी, दुपारी तीन वाजता, सगळे टाकीपाशी जमतात. बँड लोकांकडे पाठ करून माळाकडे तोंड करतो आणि एम्ब्रोझच्या नावानं वाजवतो. टाळ्या कोणी वाजवत नाही. वाजवून झालं तरी कोणी लगेच घरी जात नाही. कोणी यायचं राहिलं असेल म्हणून सगळे थोडा वेळ माळाकडे बघत उभे राहतात.