कासवाच्या उत्तराअभावी

विषय : झऱ्यावर जाण्यास ना-हरकत मिळणेबाबत.
संदर्भ : पाचव्या टेकडीवरील धनेश पक्ष्याचा अर्ज, क्रमांक एक्केचाळीस.

त्या मुलखात टेकड्या पाच होत्या, दर टेकडीवर एक बिऱ्हाड, आणि झरा एक. करवंदीच्या दाट जाळीत, ओंजळीएवढा. एकाने तोंड लावले तर पाणी नितळ राही. दोघांनी एकदम लावले की त्याचा चिखल होई आणि तो खाली बसायला आठ दिवस लागत. असे दोनदा झाल्यावर मुलखाने एक नियम केला. नियम चांगला होता. वाईट नियम मोडता तरी येतो.

ज्याला पाणी हवे त्याने उरलेल्या चौघांना पत्र पाठवायचे. चौघांची ना-हरकत आली की जायचे. जो स्वतः झऱ्यावर असेल, किंवा ज्याचा अर्ज आधीचा असेल, त्याने आपले पाणी पिऊन होईपर्यंत उत्तर द्यायचे नाही. म्हणजे नकार कोणी कोणाला देत नसे. सभ्य मुलूख होता. नुसते गप्प बसत.

आधीचा अर्ज कोणता, हे ठरवणे मात्र अवघड होते, कारण टेकड्यांच्या आडोशामुळे प्रत्येकाचा सूर्य वेगळ्या वेळी उगवे. म्हणून प्रत्येकाने दारात खड्यांचा ढीग ठेवला होता. अर्ज करताना एक खडा वाढवायचा आणि ढिगाचा आकडा पत्रावर घालायचा. दुसऱ्याच्या पत्रावर आपल्यापेक्षा मोठा आकडा दिसला, तर आपला ढीग त्याच्याही पुढे न्यायचा. लहान आकड्याचा अर्ज आधीचा. आकडे सारखे आले तर लांब शेपटीचा आधी. हे कोणालाच पुरते समजलेले नव्हते, त्यामुळे त्यावर कधी वाद झाला नाही.

उन्हाळ्यात धनेशाने अर्ज केला. त्यांच्या रीतीप्रमाणे त्याची बायको झाडाच्या ढोलीत बसलेली होती. ढोलीचे तोंड लिंपून घेतलेले, चोच बाहेर येईल एवढीच फट. तिची पिसे झडलेली, जवळ दोन पिल्ले, आणि रानातली रसाची फळे संपलेली. चोचीतून नेलेल्या चार घोटांवर तिघांचे भागायचे होते.

भेकराची ना-हरकत आली. घोरपडीची आली. साळिंदराने उशिरा दिली, पण दिली. कासवाचे काही आले नाही.

"अहो, झरा आटला का?" तिसऱ्या दिवशी फटीतून विचारणा झाली.

"नाही. भरलेला असणार."

"मग?"

"कासवाचं उत्तर नाही."

"ते झऱ्यावर आहे का?"

"तसं समजायचं असतं."

फटीतली चोच आत गेली.

दरम्यान भेकराने सत्तेचाळीस क्रमांकाचा अर्ज केला. धनेशाने नियमाप्रमाणे उत्तर रोखले. भेकर झाडाखाली येऊन ओरडू लागले.

"धनेशराव, स्वतः पीत नाही आणि मलाही पिऊ देत नाही!"

"मी कुठे अडवलंय? मी फक्त उत्तर दिलेलं नाही."

"मग तुम्ही तरी प्या एकदाचं!"

"कासव पितंय ना."

"पाच दिवस?"

"त्याची चाल तुम्हाला ठाऊक आहे."

साळिंदर जरा कर्तबगार होते. ते कासवाच्या बिळापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "दारात पाठ दिसली. हाक मारली. आत कोणी आहे की नाही ते कळलं नाही. कासव गप्प बसलं की असंच दिसतं."

"म्हणजे झऱ्यावर कोणी नाही," घोरपड म्हणाली.

"तसं नाही. उत्तर नाही, त्या अर्थी त्याचा अर्ज आधीचा असणार."

"तुमच्याकडे आला होता तो अर्ज?"

"वाटेत असेल."

झऱ्यापाशी जाऊन पाहावे, असेही घोरपडीने सुचवले. पण पाहायला जाणे म्हणजे झऱ्यावर जाणे, आणि त्याला चौघांची ना-हरकत हवी. टपाल नेणाऱ्या कावळ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "पत्र पाठीवर ठेवलं. पत्ता तोच आहे. आतलं मला विचारू नका."

आठव्या दिवशी सभा भरली. धनेश म्हणाला, "कासवाचं नाव यादीतून काढा. माझी पिल्लं आहेत हो." कोणाचाही विरोध नव्हता. साळिंदराने ठराव लिहिला, भेकराने खूर, दोघांनी पंजे आणि धनेशाने चोच उमटवली. मग साळिंदराला आठवले की यादीत बदल करायचा तर यादीतल्या पाचही जणांची संमती लागते. ठराव संमतीसाठी कासवाकडे पाठवण्यात आला.

कावळा ठराव घेऊन बिळाशी उतरला. इतके दिवस कोणी न प्यालेला झरा काठोकाठ भरून वाहू लागला होता; त्याची एक धार उतारावरून बिळापर्यंत आली होती आणि तिने कासवाची पाठ उलथवली होती. आत काहीच नव्हते. पाठ वाटीसारखी भरली होती. पाणी नितळ होते आणि त्यावर आधीची सगळी पत्रे तरंगत होती. कावळ्याने चोचीने पत्रे बाजूला केली, पोटभर पाणी प्याला, ठराव वर ठेवला आणि परत जाऊन पत्र पोहोचल्याचे कळवले.

धनेशाने बायकोला तसे सांगितले. फटीतून आता एकाच पिल्लाचा आवाज येत होता.

क्रमांक एक्केचाळीसचा अर्ज कासवाच्या उत्तराअभावी प्रलंबित आहे.