पाठीची माती

"...मग त्याला काढू का नको, एवढंच सांगा वस्ताद."

हिंदुराव वस्ताद तालमीच्या हौद्यात फावड्यानं तांबडी माती उलटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा निवास मांडवकर पेठेच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन. कोल्हापुरात संघ तालमीचाच असतो, आणि या तालमीच्या माडीवर कपाट भरून कप होते. सगळे जुने. अलीकडे त्या कपाटात नवीन काय आलं असेल तर धूळ. उद्याची मॅच हरली की संघ खालच्या गटात जाणार होता.

"कुणाला काढायचं?" फावडं न थांबवता वस्तादांनी विचारलं.

"मन्सूरला. गोलकीपर आपला. परवा कॉर्नरला हातात आलेला बॉल सोडला त्यानं. जिंकायची भूकच न्हाई त्याच्यात. कुणातच न्हाई. मी एकटा किती मरू?"

"तुझ्यात हाय?"

"म्हंजे काय! औंदाचे सगळे गोल माझे हाईत."

"बरं... बोलव त्याला. लंगोट लावा दोघं."

मन्सूर आला. उंच, पण अंगानं नुसती काडी. निवासकडं न बघता मातीत उतरला.

तालमीत थोरल्याचं एक काम असतं. नव्याला डाव शिकवायचा तर त्याच्या हातानं आपण पडायचं, आपल्या पाठीला माती लागू द्यायची. निवासला हे सांगायची गरज नव्हती. तो याच हौद्यात वाढला होता.

"मन्सूर, पट काढ त्याचा. निवास, तू पड."

मन्सूर पायाला झोंबला. निवासनं पाय मागं घेतला आणि त्यालाच उताणा केला.

"पड म्हटलं हुतं."

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. निवास ओशाळला.

"आपोआप हुतंय, वस्ताद."

"व्हय. दिसतंय."

...

तिसऱ्या खेपेला मन्सूर पुढं येईना. हात अर्धवट उचलून तो नुसताच निवासच्या तोंडाकडं बघत राहिला.

निवासला परवाचा कॉर्नर आठवला. तेव्हाही हा असाच उभा होता. बॉल हवेत होता, आणि हा बघत होता निवासकडं.

निवासला फार वाईट वाटलं.

"ये," तो म्हणाला. "काढ पट. भिऊ नको."

मन्सूरनं पट काढला. निवास धप्पकन पाठीवर पडला.

मन्सूर आधी दचकून बाजूला झाला. मग त्यानं हात पुढं केला, निवासला उठवलं, आणि जरासा हसला.

निवास पाठ झटकायला लागला. वस्तादांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे."

...

"आता बोल. उद्या गोलात कोण?"