डाव्या बाजूची जागा

“...आणू की नको? एवढंच सांगा, वस्ताद.”

सनदी वस्ताद तालमीच्या अंगणात उन्हाला बसून चेंडूंत हवा भरत होते. वय एकाहत्तर. आधी संघाचे खेळाडू, मग प्रशिक्षक, आता नुसतेच वस्ताद.

समोर उभा होता इंद्रजित सरनाईक. तालमीचा अध्यक्ष, ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक. बस म्हटलं तरी तो बसला नव्हता.

कोल्हापुरातल्या एका पेठेचा फुटबॉल संघ याच तालमीचा. हंगाम निम्मा संपला होता. सातपैकी पाच सामने हातचे गेले होते. शेवटच्या दोन संघांना वरच्या गटातून खाली उतरवतात, आणि तालीम शेवटून दुसरी होती.

पुण्याचा एक एजंट तीन खेळाडू द्यायला तयार होता. दोन गोव्याचे, एक नायजेरियाचा. नव्या इमारतीसाठी पेठेनं जमवलेला सगळा निधी त्यात गेला असता. एजंटला दुपारी एकपर्यंत कळवायचं होतं.

“कमिटीत निम्मे हो म्हणतात, निम्मे नाही,” इंद्रजित म्हणाला. “तुमचा शब्द सगळे ऐकतील.”

“तू काय म्हणतोस?”

“आणूया. संघ खाली गेला तर पोरं दुसऱ्या तालमीत जातील. मग इमारत बांधून आत कोणाला बसवायचं?”

“मग आण की.”

हे इतकं सोपं होईल असं इंद्रजितला वाटलं नव्हतं.

“खरंच?”

“बाहेर कोणाला बसवणार?”

“...पहिला संग्राम अतिग्रे. डाव्या बाजूलाच आपण मार खातोय. एकतीस वय झालं त्याचं.”

“त्याला सांगितलंस?”

“आधी सौदा तर होऊ दे.”

“आधी त्याला सांगून ये,” वस्ताद म्हणाले आणि त्यांनी पुढचा चेंडू ओढला.

संग्राम शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला होता. गाडी चालवताना इंद्रजितनं वाक्यं जुळवली. संघाचं हित. अकरा वर्षांची सेवा. हंगामाच्या शेवटी जाहीर सत्कार. संग्राम शिव्या देणार हे धरूनच चालला होता. शिव्यांना द्यायची उत्तरंही तयार होती.

संग्राम बाहेर आला. हातांना कोपरापर्यंत साच्यांची काळी वाळू.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “माझ्या जागेवर येणारा कुठला?”

“गोव्याचा.”

“उजव्या पायाचा का डाव्या?”

“...ते विचारलं नाही.”

“विचारा. त्या जागेला डाव्या पायाचाच पाहिजे, नाहीतर पैसे पाण्यात.”

इंद्रजितनं फोन काढून तेवढं टिपून घेतलं.

“आणि अध्यक्ष,” संग्राम म्हणाला, “तो आला की मला चार दिवस मैदानावर येऊ द्या. आपल्याकडं चारनंतर त्या कोपऱ्यात ऊन डोळ्यांत येतं. नव्या माणसाला चेंडू दिसतच नाही. कुठं उभं राहायचं ते दाखवतो त्याला.”

“तुला... वाईट नाही वाटत?”

संग्रामनं हातावरची वाळू झटकली. ती निघाली नाही.

“वाटतंय की. म्हणून त्याला तसाच आंधळा सोडायचा व्हय?”

आतून कोणीतरी हाक मारली. तो गेला.

इंद्रजित गाडीत येऊन बसला. गाडी सुरू केली तेव्हा वाटलं, नकोच आणायला. पुलावर आला तेव्हा वाटलं, आता तर आणायलाच पाहिजे. पेठेत शिरला तेव्हा काहीच वाटेना.

साडेबारा वाजले होते. त्यानं वस्तादांना घडलं ते सगळं सांगितलं.

वस्तादांचा हात पंपावरच थांबला.

“मग? काय ठरवलंस?”

“नको आणायला,” इंद्रजित म्हणाला. “असला माणूस घरात असताना बाहेरचे कशाला? विरोध करणारे म्हणतात तेच खरं. सनदी वस्तादांसारखी घरची माणसं तयार करा म्हणतात. तुम्ही या मातीतले...”

“मी बेळगावचा.”

“काय?”

“सत्तेचाळीस वर्षं झाली. असाच निम्मा हंगाम संपला होता. असाच संघ खाली चालला होता. मला आणायला तालमीनं मागची जागा विकली.”

इंद्रजितनं वळून पाहिलं. तालमीच्या मागच्या भिंतीपलीकडं तीन मजली लॉज उभा होता.

“हे कोणी कधी बोललं नाही.”

“विसरले सगळे. मीही आठवण करून दिली नाही.”

“आणि... तुमच्यासाठी बसवलं कोणाला?”

वस्तादांनी पंप खाली ठेवला.

“तुझ्या आबांना.”

इंद्रजित तिथंच फरशीवर खाली बसला. आबांना, त्याच्या वडिलांना, जाऊन नऊ वर्षं झाली होती.

“आबा म्हणायचे, गुडघा गेला म्हणून खेळ सोडला.”

“गुडघा चांगला होता त्यांचा. मी आलो त्या दिवशी मला घेऊन सगळं मैदान फिरले. खड्डा कुठं आहे, चिखल कुठं होतो, एकेक दाखवलं. दुपारी घरी जेवायला नेलं.”

“आणि तुम्ही संघ वाचवलात...”

“नाही. संघ खाली गेला. शेवटच्या सामन्यात पेनल्टी होती. मी बाहेर मारली.”



इंद्रजितचा फोन वाजला. एकला दहा मिनिटं कमी होती. फोन वाजून थांबला. परत वाजला.

त्यानं उचलला.

“तीन नको,” तो म्हणाला. “एकच पाठवा... हो, गोव्याचाच. डाव्या पायाचा बघा.”

फोन खिशात गेला. आपण हो म्हणालो की नाही म्हणालो, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. दोन्ही बाजूंच्या लोकांना संध्याकाळी काय तोंड दाखवायचं, तेही कळत नव्हतं. त्यानं वस्तादांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं होकार नव्हता, नकारही नव्हता.

“वस्ताद... एक विचारू?”

“विचार.”

“तुम्हाला आणलं, ती तालमीची चूक होती का?”

वस्तादांनी चेंडूवर अंगठा दाबून हवा पाहिली.

“तेच बघायला रोज येतोय मी इथं.”